थिजलेला सा

इलेक्ट्रिक गिटारला पाठ असते आणि त्या पाठीला एक झाकण असतं, हे पुष्कळ गिटारवाल्यांना ठाऊकच नसतं. पुढून बघायला गिटार देखणी. रंग, तारा, खुंट्या, सगळा थाट तिकडे. खरं राजकारण चालतं ते झाकणाखाली. मी आयुष्यभर मालवणच्या बाजारात भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करत बसलो. भाते शिवले, सूर घासले, उंदरांनी कुरतडलेल्या पट्ट्या बदलल्या. दुकानाच्या पाटीवर अजूनही पेटीचंच चित्र आहे. पण किनाऱ्यावर होमस्टे आले, मागोमाग पर्यटक आले, संध्याकाळी त्यांना रिझवायला गाणारी मुलं आली आणि त्यांच्या गिटारी माझ्या बाकड्यावर आल्या. पहिल्या गिटारीचं झाकण उघडलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो. पेटीत सगळं जागच्या जागी खिळलेलं असतं. इथे मुख्य भागच हवेत होता.

ज्या धातूच्या पट्टीवरून तारा जातात तिला आम्ही पूल म्हणतो. साध्या गिटारीत तो घट्ट बसवलेला असतो. काही गिटारींत मात्र हलता पूल असतो. तो पुढच्या बाजूला दोन स्क्रूंच्या मानेवर नुसता टेकलेला असतो, सुरीच्या पात्यासारख्या धारेवर. पुढून सहा तारा त्याला ओढतात आणि मागून, पाठीच्या पोकळीतून, स्प्रिंगा ओढतात. दोन्हीकडचा जोर सारखा झाला की पूल मधल्या मध्ये तरंगत राहतो. त्याला एक दांडी जोडलेली असते. दांडी दाबली की तारा सैल पडतात आणि सूर खाली घसरतो, सोडली की स्प्रिंगा पुलाला माघारी आणतात आणि सूर वर चढतो. पेटीला जन्मात जमत नाही ती मींड इथे एका दांडीत मिळते. अट एकच. पूल जिथून निघाला तिथेच परत आला पाहिजे. केसभर अलीकडे थांबला तरी सा बेसूर. सूर पाठवणं कोणालाही जमतं, माझं काम त्याला परत आणण्याचं.

आणि ही गिटार सुरात लावणं म्हणजे सामाईक सातबाऱ्यावरची जमीन वाटणं. एक तार जरा चढवली की तिचा जोर वाढतो, पूल पुढे झुकतो आणि बाकीच्या पाचही जणी उतरतात. त्यांना चढवावं तर पहिली रुसते. सगळ्यांचं मन राखत, परत परत फिरत, पाठीच्या स्क्रूंना जरा इकडे जरा तिकडे करत शेवटी समेट होतो. आमच्या घराण्यात जमिनीचा समेट अजून झालेला नाही. गिटारीचा मात्र मी प्रत्येक वेळी करून दिला आहे.

गिऱ्हाइकं एकेक नग. तोंडवलीचा एक होमस्टेवाला सीझनच्या तोंडाला गिटार घेऊन आला आणि म्हणाला, "काका, अशी लावून दिया की सीझनभर बघूक नको." मी म्हटलं, "तुझी बायको तरी रवता काय रे सीझनभर एका सुरात?" शहाण्याने हे घरी जाऊन सांगितलं. पुढच्या खेपेला गिटार घेऊन बायकोच आली आणि भर बाजारात मला चांगलं ऐकवून गेली. ती मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच सुरात होती, हे कबूल करायला हवं.

दुसरा होड्यांच्या इंजिनांचा मेकॅनिक. हात सोन्यासारखा. भाच्याच्या गिटारीतल्या स्प्रिंगा त्याला नाजूक वाटल्या, म्हणून त्याने मोटारसायकलच्या स्टँडची स्प्रिंग कापून आत बसवली. पूल लाकडात रुतून बसला आणि तारा एकामागून एक तुटल्या. "मजबूत केलंय, तरी तुटतत कशे?" तो मला विचारत होता. मी त्याला सांगितलं, बाबा, इथे मजबूत कोणी असून चालत नाही, दोघांनी सारखंच असावं लागतं. त्याला ते पटलं नाही. स्प्रिंग मात्र परत घेऊन गेला.

आता वैजूची गोष्ट. तिच्यासाठीच तर हे सगळं लिहायला बसलो.

वैजयंती देवबागची. वडील गेल्यावर मुंबईतली ऑफिसची नोकरी सोडून ती आईकडे परत आली आणि दोघी मिळून घरातल्या खोल्या पर्यटकांना देऊ लागल्या. मुंबईहून तिने काय आणलं तर एक जुनी निळी गिटार, हलत्या पुलाची. लोक म्हणायचे, एक पावसाळा काढील आणि परत मुंबईची गाडी पकडील. ती राहिली. राहिली ती राहिली, आणि वर गावातल्या भजनी मंडळात जाऊन बसली. मंडळ सगळं पुरुषांचं आणि बुवा म्हणजे आमचे अनंतबुवा. त्यांच्या पेटीचा भाता मी इतक्या वेळा शिवलाय की त्यात मूळचं कातडं किती आणि माझे टाके किती हे देव जाणे. बुवा तापट, पण कानाचे पक्के. इलेक्ट्रिक गिटार भजनात, म्हटल्यावर गावात बरीच कुजबुज झाली. बुवांनी एकदा ऐकली आणि म्हणाले, "गळ्यासारखी वाजता गो. बस." झालं.

अडचण आली ती थंडीत. सकाळच्या भजनाला गिटार उतरू लागली. वैजू दांडी दाबून मींड घ्यायची, सोडायची आणि सूर परत सा वर यायचाच नाही. थोडा खालीच लटकायचा. बुवांची पेटी आपल्या जागी ठाम आणि शेजारी ही गिटार पाय ओढत चाललेली. ऐकणाऱ्यांचे दात आंबायचे.

वैजू गिटार घेऊन दुकानात आली. मी झाकण उघडलं, सगळं पुसलं, तारा नव्या घातल्या. नवी तार आळशी असते, तिला बोटांनी ओढून ओढून आधीच ताणून घ्यावं लागतं, नाहीतर ती भर मैफलीत ताणली जाते. तारा मानेकडच्या ज्या खाचांतून जातात तिथे शिसपेन्सिलीची पूड भरली, म्हणजे तार अडकत नाही. स्प्रिंगा जुळवल्या, समेट घडवला. दांडी दाबून सोडली, सूर बरोबर घरी. पुन्हा दाबली, पुन्हा घरी. मी मिशीतल्या मिशीत हसलो आणि तिला पाठवून दिलं.

आठवड्याभरात ती परत दारात. "काका, परत तसाच झाला."

मी गिटार घेतली, दांडी दाबली. सूर बरोबर घरी! माझ्या दुकानात ती गिटार इतकी शहाण्यासारखी वागायची की मला वैजूचाच राग आला. तू तारा नीट गुंडाळत नाहीस, दांडीवर दात-ओठ खाऊन जोर काढतेस, असं बरंच बोललो. ती शांतपणे ऐकून घेत होती. मग म्हणाली, "काका, मी दुपारच्या गाडयेन येतंय. दुपारी ती घराकडेय बरीच वाजता. सकाळीच काय ता होता तिका." सकाळी बेसूर आणि दुपारी सुरात, असं दुखणं मी वाद्याला कधी पाहिलं नव्हतं. माणसांना असतं.

अशा वेळी बुवा स्वतः दुकानात आले. वैजू होतीच. बुवा बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "दिगू, ह्या हलता प्रकरण बंद कर. पाचर मार."

पाचर मारणं म्हणजे काय ते आमच्याकडे कोणाला समजवावं लागत नाही. इथे मात्र ती खरीखुरी मारता येते. पाठीच्या पोकळीत लाकडाचा ठोकळा ठोकला की पूल जागचा हलत नाही आणि गिटार निमूटपणे सुरात राहते. कितीतरी जणांनी माझ्याकडून तशा पाचरी मारून घेतल्या आहेत. खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही मोह झाला होता. दुखणं सापडत नसलं की पाचर फार जवळची वाटते.

वैजूने गिटार माझ्या हातातून काढून घेतली. "पाचर मारलास तर मींड खंयसून येतली, बुवानू? मगे मी आणि पेटी एकच. माका कित्याक बसवलास मगे थंय?"

बुवा हळू आवाजात म्हणाले, "आंबोलीची डबलबारी आसा पुढच्या म्हयन्यात. देवळाचो वर्धापन, सकाळीच उभा रवाचा आसा. समोर दुसरा मंडळ, भजनाचो सामनोच तो, माणसा गावागावची. थंय माझो सा उतरलो तर मी तोंड खंय दाखवू? सांगान ठेवतंय, वैजू. थंय उतरली तर दुसऱ्या अभंगापासून तू टाळ वाजवायचे. आणि मगे टाळच."

वैजूने मान डोलावली. पण डोळे भरले होते. बुवा गेल्यावर म्हणाली, "काका, मुंबयत माझी जागा होती ती मी सोडलंय. हयसर माका ह्यीच एक गावली." त्या गिटारीचं दुखणं आता माझं झालं.

पेटी तपासायची तर ती ज्या देवळात वाजते तिथे जाऊन तपासावी, हे मी तरुणपणीच शिकलो होतो. गिटारीला तोच नियम का लावला नाही कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळीच पहिल्या गाडीने देवबागला गेलो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मध्ये चिंचोळ्या वाळूवर ही घरं. खारा वारा दोन्हीकडून. खिडक्यांचे गज, पंख्यांची पाती, फ्रिजची मागची जाळी, सगळं तांबूस होऊन गळत असतं.

वैजूच्या आईने, शालनवहिनींनी, चहा दिला. वैजू पाहुण्यांना होडीवर सोडायला गेली होती. गिटार देवघराशेजारी, स्वच्छ चादरीवर ठेवलेली. मी जवळ जाऊन बघतो तर तिच्यावर गंजाचा एक ठिपका नाही. त्या घरात लोखंडाची एवढी निगा बघून मला खरंच कौतुक वाटलं. म्हटलं, "वहिनी, गिटार बरी ठेवल्यात."

वहिनींचा चेहरा उजळला. "मीच ठेवतंय, भावोजी! ह्येंच्या होडयेचा इंजिन गंजान गेला, माझ्या डोळ्यादेखत गेला. म्हटलंय, ह्या तरी जावक देवचंय नाय. सकाळी देवाक दिवो लावलंय की हेका पण खोबरेल लावतंय. तारांक, त्या धारेक, झाकणाच्या फटीतसून पाठीतल्या स्प्रिंगांक सुद्धा. वैजू निजान आसता, तेका म्हायत नाय. आता थंडयेत तेल थिजता, म्हणान बाटली वायच चुलीकडे ठेवतंय आणि मगे लावतंय."

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला.

थिजतं. खोबरेल थंडीत थिजतं! बाटलीत पांढरं दगडासारखं होतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चुलीपाशी पातळ केलेलं तेल पुलाच्या धारेखाली शिरत होतं, तारांच्या खाचांत उतरत होतं आणि गार हवा लागली की तिथेच मेणासारखं घट्ट होत होतं. दांडी दाबली की पूल जायचा, पण माघारी येताना त्या मेणात अडखळायचा. ऊन चढलं की तेल विरघळायचं आणि गिटार पुन्हा शहाणी. मी पुसून दिलेली गिटार दुसऱ्याच सकाळी पुन्हा न्हाऊन निघायची. आणि वास? खोबरेलाचा वास मालवणात येतो कोणाला? माझ्या डोक्यालाही तेच तेल. तो आमच्या हवेचाच वास.

मी वहिनींना सांगितलं. जमेल तितकं हळू सांगितलं, तरी त्यांचा चेहरा उतरला. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "म्हणजे माझ्यामुळे माझ्या चेडवाक बोलणी खावची लागली?" हातातलं तेलाचं फडकं त्यांनी पदराखाली लपवलं, जणू मी ते काढून घेणार होतो. मी फटकळ माणूस आहे, गिऱ्हाइकाला सोडत नाही. पण त्या दिवशी मी कप खाली ठेवला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. मग म्हटलं, "वहिनी, धारेक गंज लागलो असतो तर ही गिटार केव्हाच मेली असती. तुमी ती जिती ठेवलात. फक्त तेल बदलूया." आणि ते खोटं नव्हतं. खाऱ्या हवेत बोथट झालेल्या धारा मी फार पाहिल्या आहेत. ही धार नव्यासारखी होती.

कोपऱ्यात त्यांचं शिवणाचं मशीन होतं. मी म्हटलं, "त्या मशीनचा तेल घेवया." वहिनी लगेच म्हणाल्या, "ता? काय काय घालतत तेच्यात. ह्या देवाचा वाद्य. देवाच्या वाद्याक ता कशा लावू?" म्हणून खोबरेल! दिव्याला चालतं तेच शुद्ध.

इतक्यात वैजू आली. तिला कळलं तेव्हा ती आधी हसायला लागली, मग आईजवळ जाऊन बसली. मी गिटार उघडली. स्पिरिटने खाचा धुतल्या, धार धुतली, स्प्रिंगा धुतल्या. फडक्यावर पांढरे पापुद्रे निघत होते. मग मशीनच्या तेलाचा एक थेंब, तोही काडीच्या टोकाने, धारेच्या दोन्ही बाजूंना. तो थेंब वहिनींच्याच हातून लावून घेतला. आधी त्यांनी तो देवापुढे धरला.

पण आंबोलीची थंडी देवबागला कुठून आणायची? वैजूलाच सुचलं. मासे ठेवायची थर्माकोलची पेटी! तळाशी बर्फ घालायचा, त्यावर पाट आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली गिटार. वहिनी ओरडल्या, "आज सोमवार! देवाचा वाद्य म्हावऱ्याच्या पेटयेत घालतास?" शेवटी नवी कोरी पेटी निघाली, जिने अजून बांगडा बघितला नव्हता. मान बाहेर राहिली, तिला बर्फाच्या पिशव्या बांधल्या. तासाभराने गिटार काढली तेव्हा ती हाताला बर्फासारखी लागत होती. वैजूने दांडी दाबली. सूर खाली गेला, गेला, आणि सोडल्यावर सरळ घरी आला. तिने पुन्हा पुन्हा केलं. तिसऱ्यांदा वहिनींनीच सांगितलं, "आता बरोबर लागलो गो."

आंबोलीला त्या सकाळी धुकं इतकं होतं की देवळाच्या मंडपातून समोरची झाडं दिसत नव्हती. समोरचं मंडळ आपली बारी करून बसलेलं. आमची माणसं हात चोळत बसली. वैजूच्या जागेवर गिटारीच्या बाजूला बुवांनी टाळांची एक जोडी ठेवली होती. वैजूने ती पाहिली. वहिनी पहिल्या रांगेत शाल गुंडाळून बसल्या होत्या आणि मी त्यांच्यामागे.

बुवांनी अभंग उचलला. मध्ये एके ठिकाणी ते मुद्दाम थांबले आणि वैजूकडे पाहिलं. वैजूने दांडीवर हात ठेवला. सूर वरून निघाला आणि खाली खाली उतरत गेला, विहिरीत कळशी सोडावी तसा. मंडपात कोणी टाळ हलवला नाही. मग तिने दांडी सोडली. सूर वर आला आणि बुवांच्या पेटीच्या सा वर असा येऊन बसला की कुठली पेटी आणि कुठली गिटार हे मलाही सांगता येईना. बुवांनी डोळे मिटले. "आहा!" समोरच्या मंडळाचे बुवा म्हणाले. विरुद्ध बाजूने आलेली दाद, तिची किंमत डबलबारी ऐकणाऱ्यांनाच कळेल.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुक्याचं नव्हतं.

माझ्याकडे आता पेटीची कामं कमी येतात. मंडळांनी बटणांच्या पेट्या घेतल्या, तंबोरा फोनमधून वाजतो. वाईट वाटतं. पण परवा कुडाळहून कोणीतरी गिटार घेऊन आलं आणि म्हणालं, पाचर काढून द्या, देवबागच्या वैजूसारखं वाजवायचं आहे. ठोकळा काढला आणि खिडकीत ठेवला आहे. येता-जाता बघतो.

आंबोलीला अभंग संपल्यावर बुवांनी दुसरा सुरू करायच्या आधी वैजूपुढचे ते टाळ उचलले. आता हे तिला देतात की काय म्हणून मी अर्धा उठलो. बुवा वाकले आणि त्यांनी ते पहिल्या रांगेत वहिनींच्या हातात दिले. "वहिनी, ह्ये हयसर फुकट पडान आसत. तुमी वाजवा."

वहिनी लाजल्या. टाळ उलटसुलट करून पाहिले, पदराने पुसले. मग मागे वळून अगदी गंभीरपणे मला विचारलं, "भावोजी, हेंका तेल लावचा काय?"

"नको, वहिनी," मी म्हटलं. "नुसते वाजवा."